बॉनेटखालचा बार

गेल्या वर्षी रमजान ईदनंतर शाळा सुरू झाली आणि स्टाफरूमला एकच विनोद आठवडाभर पुरला. "सरांनी गाडीत बार बसवलाय." मी उर्दू शाळेतला मास्तर, त्यात जुम्म्याची नमाज न चुकवणारा, त्यामुळे विनोदाला आपोआप धार यायची. इतिहासाच्या सरांनी तर विचारलं, "परमिट रूमपण आहे की नुसताच बार?" शेवटी मधल्या सुट्टीत सगळ्यांना मैदानाच्या कडेला नेलं आणि बॉनेट उघडून दाखवलं. इंजिनाच्या वरून या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली लाल रंगाची एक आडवी दांडी. दोन्ही टोकांना जाड पट्ट्या, प्रत्येक पट्टीत तीन नट.

"एवढंच?" सगळे हिरमुसले.

ही दांडी माझ्या भाच्यानं दिली होती. तो मेकॅनिकल डिप्लोमा करून कोल्हापूरला एका कारखान्यात अप्रेंटिस आहे. पहिल्या काही महिन्यांच्या स्टायपेंडमधून साडेतीन हजार बाजूला काढून त्यानं मामूसाठी ईदी म्हणून हा स्ट्रट बार आणला. मामूनं भाच्याला ईदी द्यायची असते, इथे उलटंच झालं. ईदच्या तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत त्यानं तो स्वतः बसवला. अम्मी दारात बसून बघत होत्या. त्यांना वाटलं गाडीला आडणा लावतोय, दाराला आतून लावतात तसा. खरं तर त्यांचं वर्णन बरंच बरोबर होतं.

गाडी मी चार वर्षांपूर्वी जुनी घेतली, शिक्षक पतपेढीचं कर्ज काढून. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. शाळा मिरजेपासून तीसेक किलोमीटरवर. आम्ही तिघं मिळून जातो, पेट्रोल वाटून घेतो. इतिहासाचे सर मागे, आणि पुढे डाव्या सीटवर विज्ञानाच्या मॅडम. मॅडमना तेव्हा दिवस गेले होते आणि मागच्या सीटवर त्यांना मळमळायचं, म्हणून पुढची जागा त्यांची ठरलेली.

गाडीला दोन खोडी होत्या. एक म्हणजे स्टिअरिंग सोडलं की ती हळूहळू उजवीकडे सरकायची, समोरून येणाऱ्या वाहनांकडे. आणि पुढचं डावं टायर आतल्या कडेनं झिजायचं, बाहेरची कड मात्र नवीकोरी. मी दर चार-पाच महिन्यांनी अलाइनमेंट करून घ्यायचो. पंधरा दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. भाच्यानं हे ऐकलं होतं आणि त्याचं निदान तयार होतं, "मामू, गाडीचं नाक ढिलं पडलंय."

घरात आम्ही दखनी बोलतो, पण त्यानं जे समजावलं ते इथे मराठीत लिहितो.

आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकाचा शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात असतात. त्याला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं ही रचना आणली आणि १९५० च्या सुमारास फोर्डच्या फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या गाड्यांत ती दिसू लागली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ला पुढे हेच होतं. स्वस्त, हलकी, जागा कमी घेणारी रचना. या खांबाचं खालचं टोक लोअर आर्म धरतो आणि वरचं टोक थेट गाडीच्या पत्र्यात घुसतं. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना दोन गोल उंचवटे दिसतात, मध्ये नट असलेले. तेच ते टॉवर. बाजूच्या ज्या पत्र्यात ते असतात त्याला गॅरेजवाले एप्रन म्हणतात.

आता चाक खांबाच्या जरा बाहेरच्या बाजूला असतं. गाडीचं वजन चाकावर येतं तेव्हा जमीन चाकाला वर ढकलते आणि खांबाचं वरचं टोक आत, इंजिनाकडे झुकायला बघतं. उजवा टॉवर डावीकडे, डावा उजवीकडे. खड्ड्यात हा दाब कितीतरी वाढतो. वळणावर तर दोन्ही चाकांवर वेगवेगळा भार येतो, त्यामुळे दोन टॉवर वेगवेगळे हलतात. हालचाल मिलिमीटरमधली, पण वर टॉवर हलला की खाली चाक तिरपं होतं, आणि चाक तिरपं झालं की स्टिअरिंगनं सांगितलेलं ते नीट ऐकत नाही. दोन टॉवर एकमेकांना बांधून टाकले की त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. बार एवढंच काम करतो. चांगला बार कोणता, तेही त्यानं सांगितलं. दांडी सरळ हवी, इंजिनाला वळसा घालून गेलेली दांडी दाबाखाली त्या वाकणावरच लवते. पोकळ नळी असली तरी चालेल, कारण वाकण्याला विरोध करायला धातू मधल्या रेषेपासून लांब असावा लागतो. आणि चकाकतं अ‍ॅल्युमिनियम दिसायला छान, पण त्याचा ताठपणा पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा, म्हणून ते जाडच घ्यावं लागतं.

बार बसवल्यावर आम्ही दोघं पंढरपूर रस्त्याला एक फेरी मारून आलो. फरक जाणवला, आणि तो नुसता मनाचा खेळ नव्हता. स्टिअरिंग वळवलं की गाडी लगेच वळायची, मध्ये जो एक आळस असायचा तो गेला. उजवीकडची ओढ कमी झाली. डॅशबोर्डची कुरकुर थांबली. भाचा खिडकीबाहेर बघत गप्प बसला होता, पण त्याचे कान हसत होते.

मी भाषेचा शिक्षक. बी.एड.ला माझ्या अध्यापन पद्धती दोन, उर्दू आणि मराठी. पण सूक्ष्म अध्यापनाच्या पाठांनी एक सवय लावली, नवीन काही कळलं की ते कुणाला तरी वस्तू हातात घेऊन सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. आठवीच्या वर्गात मराठीचा तास होता आणि धडा संपला होता. बुटाचं एक खोकं नेलं. झाकण काढून एका मुलाला म्हटलं, दोन्ही टोकं धर आणि ओल्या कपड्यासारखं पीळ. खोकं सहज पिळलं गेलं. मग झाकण ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. आता पीळ. तेच खोकं, तोच पुठ्ठा, पण पिळेना.

मिरजेतल्या मुलांना हे समजवायला खोक्याचीही गरज नव्हती. आमच्या गावात सतारी आणि तंबोरे बनतात. वर्गातल्या दोघा-तिघांनी तो भोपळा हातात धरलेला आहे. कापून उघडा केलेला भोपळा कडेला दाबला की लवतो, नीट सांभाळला नाही तर तडकतो. त्यावर लाकडाची तबली चिकटली की तोच भोपळा तारांचा ताण वर्षानुवर्षं झेलतो. बंद पेटी आणि उघडी पेटी यांच्यातला फरक आमच्या गल्ल्यांत रोज तयार होतो.

गाडीचं शरीर ही अशीच पेटी आहे. ट्रकला आणि जुन्या जीपला खाली वेगळी चॅसी असते, तिच्यावर बॉडी ठेवलेली. कारमध्ये पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. १९२२ ची लान्सिया लॅम्डा ही या प्रकारची अगदी सुरुवातीची गाडी मानतात. छत, फ्लोअर, दारांमधले पिलर, दाराखालचे पोकळ उंबरे, हे सगळं काही हजार स्पॉट वेल्डनी एकमेकांना जोडलेलं. पत्रा बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा, पण बंद पेटी झाल्यामुळे ताठ. म्हणूनच छत नसलेल्या गाड्यांना कंपन्या उंबरे जाड करतात आणि खाली फुलीच्या आकाराच्या पट्ट्या ठोकतात. झाकण गेलं, ते कुठून तरी भरून काढावं लागतं. आणि इंजिनाची जागा? ती तर वरून उघडीच. बॉनेट हे झाकण नुसतं बिजागरीवर ठेवलेलं, चिकटवलेलं नाही. म्हणून तिथे आडवी दांडी.

"सर, मग बॉनेटच वेल्ड करून टाकायचं की," मागच्या बाकावरून आवाज आला. मी म्हटलं, तुझ्या मोटारसायकलची डिकी आधी वेल्ड करून बघ. पण प्रश्न चुकीचा नव्हता.

मग पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकट केली. ढकलली की ती कलते. पाचवी पट्टी तिरकी लावली की कलत नाही. पत्र्याच्या शेडची कैची, विजेचा मनोरा, शेताच्या फाटकावरची तिरकी पट्टी, मुलांनीच उदाहरणं दिली. त्या दिवशी मला एक गोष्ट खटकायला हवी होती, ती खटकली नाही. आमचा बार तिरका नव्हता. तो चौकटीची चौथी बाजू होता. दोन टॉवर एकमेकांजवळ येऊ नयेत एवढं तो बघतो. एक टॉवर पुढे आणि दुसरा मागे सरकून चौकट कलली तर तो काही करू शकत नाही. त्यासाठी मधून दोन फाटे निघून मागच्या फायरवॉलला धरणारा, त्रिकोण करणारा बार लागतो. टॉवर वर उचलला जाऊ लागला तर तोही नाही आणि हाही नाही.

अब्बांना बार आवडला नाही. ते आयुष्यभर पुणे-बंगलोर रस्त्यावर ट्रक चालवलेले गृहस्थ. म्हणाले, चॅसी थोडी पिळली पाहिजे. ट्रकच्या चॅसीचे दोन लांब चॅनल उघड्या तोंडाचे असतात, ते मुद्दाम. खराब रस्त्यावर एक चाक वर आणि एक खाली गेलं की चॅसी पिळते आणि चारही चाकं जमिनीवर राहतात. त्यांच्या तरुणपणी एका मालकानं ट्रकला मध्ये जास्तीच्या आडव्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. सहा महिन्यांत पट्ट्यांना काही झालं नाही, त्यांच्या शेजारचे रिबीट उडायला लागले. "जो अकडता वो झटका बाजूवाले कू देता," अब्बा म्हणाले. भाच्यानं त्यांना ट्रक वेगळा आणि कार वेगळी हे समजावलं. त्याचंही बरोबर होतं, कारचा स्प्रिंग काम करायला बॉडी ताठच लागते. मी दोघांनाही चहा दिला.

जुलैत पावसानं रस्ते उखडले आणि टायर पुन्हा आतून झिजलेलं दिसलं. या वेळी अलाइनमेंटवाला पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "सर, टो मी करून देतो, पण डाव्या चाकाचा कॅम्बर गेलाय. या गाडीला कॅम्बर फिरवायची सोयच नाही. डेंटरला दाखवा." चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे सांगितलं. आधीचे सगळे टो करून पैसे घेत होते.

सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या बाजूला एक डेंटर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. वय सत्तरीच्या जवळ. चाचांनी बॉनेट उघडलं, लाल बार बघितला आणि विचारलं, "ये किसने डाला?" भाचा रविवार म्हणून आला होता, तो पुढे झाला. चाचा त्याला म्हणाले, "बसवलास तेव्हा गाडी चाकांवर उभी होती की जॅकवर?"

"चाकांवर."

"हं. आता जॅकवर घे आणि काढ."

गाडीचं नाक उचललं, चाकं लोंबली. भाच्यानं एका बाजूचे नट काढले आणि शेवटचा नट सुटताच पट्टी टक् आवाज करून बोल्टांवरून सरकली. परत बसवायला गेला तर बसेना. भोकं आणि बोल्ट यांच्यात चारेक मिलिमीटरचं अंतर पडलं होतं. चाकांवरचं वजन गेल्यावर डावा टॉवर बाहेर सरकला होता. एवढा तो हलायला नको होता. मला तिथे उभ्या उभ्या कळलं की ईदच्या दिवसांत आम्ही काय केलं होतं. टॉवर आत झुकलेला असताना आम्ही बार आवळला. बारनं गाडी सरळ केली नव्हती, जशी वाकडी होती तशी धरून ठेवली होती. ती हलायची थांबली म्हणून मला सरळ वाटली.

चाचांनी खिशातून सुतळी काढली. डाव्या टॉवरच्या मागच्या बोल्टपासून उजव्या बाजूच्या हेडलाइटच्या पॅनलवरच्या एका ठरावीक भोकापर्यंत ताणली, नखानं खूण धरली. मग उजव्या टॉवरपासून डाव्या भोकापर्यंत. चौकटीचे दोन कर्ण. सुतार दाराची चौकट गुण्यात आहे का हे असंच बघतो. दोन कर्ण सारखे हवेत. डाव्या टॉवरचा कर्ण बोटाच्या पेराएवढा कमी भरला.

"ही गाडी पुढून ठोकलेली आहे, सर."

मी म्हटलं, एका हाताची गाडी म्हणून घेतली आहे, अपघात नाही असं सांगितलं होतं. चाचांनी वाद घातला नाही. चाक काढलं, आत टॉर्च मारला आणि मला वाकायला लावलं. उजव्या एप्रनच्या जोडावर बारीक गोल खळगे होते, सारख्या अंतरावर, एका ओळीत, कंपनीच्या स्पॉट वेल्डचे. डाव्या बाजूला तो जोड काळ्या अंडरकोटिंगनं जाडजूड लिंपलेला. चाचांनी स्क्रू ड्रायव्हरनं तो थर खरवडला. खाली खळगे नव्हतेच, गॅस वेल्डिंगचे ओबडधोबड टाके होते, कुठे दाट, कुठे विरळ. मी वीस वर्षं वह्या तपासतो. अर्धा निबंध मुलानं लिहिला आणि अर्धा मोठ्या बहिणीनं, हे पहिल्या नजरेत ओळखतो. गाडीच्या एकाच पानावर दोन हस्ताक्षरं होती आणि मी चार वर्षं सही करत आलो होतो.

टाक्यांच्या मधोमध टॉवरखालचा जोड उघडला होता. स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत गेलं. कडा गंजलेल्या होत्या, म्हणजे जुनी भेग. पण एका टोकाला दोन बोटं लांब पत्रा स्वच्छ, चकचकीत होता. तेवढी ताजी. बार असताना फाटलेली. खड्ड्यात टॉवरवर खालून बसणारा मार बार थांबवू शकत नव्हता, तो त्या जोडावरच बसत राहिला. गाडी छान वळते म्हणून मी मात्र त्या खड्ड्यांतून थोडी जास्त वेगानं जाऊ लागलो होतो.

भाच्याचा चेहरा उतरला. "चाचा, माझ्यामुळे फाटलं का?"

चाचा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्यामुळे नाही. पण तुझ्यामुळे दिसलं नाही."

टक्कर झाली असती तर काय, हे मी चाचांना विचारलं नाही. घरी येऊन वाचत बसलो. गाडीचं नाक चुरगळण्यासाठीच बनवलेलं असतं, म्हणजे मारातली ताकद पत्रा वाकवण्यात खर्च व्हावी आणि माणसं बसतात ती पेटी शाबूत राहावी. मर्सिडीजच्या बेला बारेन्यी या अभियंत्याची ही कल्पना, १९५९ च्या त्यांच्या गाडीत ती प्रत्यक्षात आली. पण नाकानं चुरगळायचं तेही ठरलेल्या क्रमानं. समोरचा मार इंजिनाच्या दोन बाजूंच्या जाड लांब बीममधून आणि एप्रनच्या वरच्या कडेतून मागे दाराच्या पिलरपर्यंत जातो. त्यातला एक रस्ता फाटलेला असेल तर पत्रा नको तिथे दुमडतो. आमचा बार या सगळ्याला आडवा, समोरच्या माराला त्याचा फारसा उपयोग नाही. उलट एका कोपऱ्यावर धडक बसली तर तो धक्का पलीकडच्या धडधाकट टॉवरलाही पोचवतो. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं आदळून बघितल्या आणि पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे दिले. तेव्हा बातमी शून्याची झाली. पण त्या पाचातल्या काहींचा सांगाडा कोसळला होता आणि काहींचा टिकला होता. टिकलेल्यांना शून्य मिळालं ते एअरबॅग नसल्यामुळे. एअरबॅग नंतर घालता येते. कोसळलेल्या सांगाड्यात घालून काय करणार?

डावा टॉवर, डावं एप्रन. त्याच्या बरोबर मागे मॅडमची सीट.

सोमवारी मी गाडी नेली नाही. स्टाफरूममध्ये मॅडमना सगळं सांगितलं, सुतळीसकट. त्यांनी ऐकून घेतलं. सातवा महिना होता. म्हणाल्या, "सर, तुम्हाला माहीत नव्हतं ना." मी म्हटलं, नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या एसटीनं येऊ लागल्या. रजेवर जाईपर्यंत एसटीनंच आल्या. मी पतपेढीतून आगाऊ रक्कम घेऊन महिन्यासाठी दुसरी गाडी भाड्यानं बघतो म्हणालो, त्या नको म्हणाल्या. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांना फोन केला. ते म्हणाले, मलाही माहीत नव्हतं, मीही जुनीच घेतली होती. खरं असेल. एका हाताची गाडी किती हातांतून आली होती, कुणास ठाऊक.

चाचांनी दुरुस्तीचा हिशोब सांगितला. पट्टी मारून देणार नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. फाटलेल्यावर वरून पट्टी वेल्ड केली की भेग पट्टीच्या कडेला सरकते, आणि गॅसची आच लागलेला पत्रा मूळचा राहत नाही. करायचं तर गाडी जिगवर बांधून खेचायची, दोन्ही कर्ण जुळवायचे, एप्रन कंपनीच्या मूळ जोडावरून काढून तिथेच नवं जोडायचं. खर्च पन्नास हजारांच्या घरात. गाडीची किंमत तेव्हा जेमतेम सव्वा लाख. पतपेढीचे चौदा हप्ते शिल्लक.

एजंट घरी आला तो याच आठवड्यात. इंजिन ऐकलं, आत बसून बघितलं, बॉनेट उघडलं. बार भाच्यानं परत बसवून ठेवला होता, गाडी चाचांकडून हळूहळू घरी आणण्यापुरता. एजंट खूश झाला. "सर, हे बघून गिऱ्हाईक म्हणेल शौकिनाची गाडी आहे. एक पस्तीस देतो." मी त्याला एप्रनचं सांगितलं. तो हसला. "खाली वाकून कोण बघतंय, सर? तुम्ही बघितलं होतं?"

नव्हतं बघितलं. मी उद्या सांगतो म्हणालो. लगेच नाही म्हणालो असतो तर इथे लिहायला बरं वाटलं असतं, पण मी उद्या सांगतो म्हणालो. रात्री चौदा हप्त्यांची बेरीज दोनदा केली. माल विकताना ऐब सांगावा लागतो, हे मी मुलांना धड्यातून शिकवलेलं आहे, आणि मी सांगितलाच होता की, एजंटला. त्यानं पुढे सांगायचं की नाही हे त्याच्या मानेवर. अशी वकिली मी स्वतःशी करत होतो. अब्बा अंधारात बाजेवर पडून होते, मला वाटलं झोपलेत. त्यांनी विचारलं, "उस सीट पो अब कौन बैठेगा?"

गाडी सुट्या भागांसाठी गेली, एकतीस हजारांना. इंजिन, दारं, सीट, उजवं एप्रन, सगळं कामाचं होतं. डावं एप्रन चाचांनी माझ्यासमोर ग्राइंडरनं कापून वेगळं ठेवलं. मॅडमना डिसेंबरच्या आधीच मुलगी झाली, स्टाफरूममध्ये पेढे आले, माझा पेढा त्यांच्या मिस्टरांनी स्वतः हातात दिला. हप्ते मी अजून भरतोय.

या उन्हाळ्यात भाच्याला कारखान्यानं कायम केलं. मागच्या रविवारी आम्ही दोघं कुपवाडला एक गाडी बघायला गेलो. मालक निवृत्त माणूस, गाडी स्वच्छ धुऊन उभी केलेली. त्यांनी किल्ली पुढे केली, म्हणाले, "चालवून बघा." भाचा म्हणाला, "काका, आधी बॉनेट उघडता का जरा?" उघडलं. त्यानं खिशातून सुतळी काढून एक टोक माझ्या हातात दिलं. मी डाव्या टॉवरच्या बोल्टवर अंगठ्यानं ते दाबून धरलं आणि तो पलीकडे जाऊन वाकला.

"हे काय मोजताय?" काकांनी विचारलं.

"कर्ण," भाचा म्हणाला, आणि सुतळी ताणून नखानं खूण धरली.